हरिश्चंद्रगड रात्री चढताय? हेडलॅम्प भाड्याने घेऊ नका

खिरेश्वरमार्गे रात्री हरिश्चंद्रगड करणार असाल, तर आयोजकाकडचा हेडलॅम्प घेऊ नका. एका रात्रीचे दोनशे रुपये भाडं, वर पाचशे डिपॉझिट, आणि हातात पडतो रस्त्यावर तीन-साडेतीनशेला मिळणारा, मागे बॅटरीचा डबा लोंबकळणारा ठोकळा. पैसे परत देताना पट्टा ओला झाला म्हणून पन्नास कापले. जुलैत, सह्याद्रीत!

खुबी फाट्यावरून धरणाच्या बांधाने खिरेश्वर आणि तिथून तोलारखिंड, यावर लिहिण्यासारखं काही नाही. चालत राहायचं. खिंडीतलं वाघाचं शिल्प उतरताना उजेडी बघा.

खरी गंमत खिंडीच्या वर. कातळटप्प्याला रेलिंग आहे, पण पावसात दोन्ही हात लागतात, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च कुचकामी. माझा दिवा नेमका तिथेच मान टाकू लागला. बंद पडला असता तर निदान थांबलो असतो. हा हळूहळू पिवळा होत गेला, उदबत्तीच्या टोकाएवढा उरला. मागच्याचा दिवा झगझगीत, पण त्याने माझीच सावली माझ्या पुढच्या खोबणीवर पडायची. पाय ठेवायची जागा दिसेना, बोटांनी चाचपून मग बूट टेकवायचा. त्या पट्ट्यात मी आयोजकाला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

वर पठारावर धुकं. बरोबरच्या एकाकडे चांगला महागडा दिवा होता, त्याने फुल मोडवर लावला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. दिवा डोळ्यांच्या इतका जवळ असला की धुक्याच्या थेंबांवरून उलटलेला उजेड थेट डोळ्यांत येतो. उपाय फुकट आहे: दिवा डोक्यावरून काढा, गुडघ्याच्या उंचीवर धरा, मोड कमी करा. गवत, ओला दगड, पायवाट, सगळं दिसायला लागतं. या टेकाडांच्या चढउतारात लोक रात्री सर्रास चुकतात, तेव्हा हे घरूनच पाठ करून जा.

आता खरेदी. खोक्यावर ‘एक लाख ल्युमेन्स’ (ल्युमेन म्हणजे दिव्याच्या एकूण उजेडाचं माप) दिसलं की खोकं खाली ठेवा. चालायला शे-दीडशे खरे ल्युमेन्स पुरतात, वाट शोधायला तीनशेच्या आसपास. ‘९९०० एमएएच’ (एमएएच म्हणजे सेलची साठवण) लिहिलेला १८६५०, म्हणजे चार्जिंगचा जाडसर लिथियम सेल, ही शुद्ध थाप. नावाजलेल्या कंपन्यांचे सेलसुद्धा साधारण ३५०० च्या आसपास असतात. एएनएसआय एफएल-१ हे टॉर्चच्या चाचणीचं मानक छापलेलं बघा, पण तेही डोळे उघडे ठेवून वाचा. त्यातला ‘इतके तास’ हा आकडा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो, आणि ‘इतके मीटर’ म्हणजे जिथे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पोचतो तिथपर्यंत. शेवाळलेल्या कातळावर दहा टक्क्यांत काय दिसणार?

पावसाळ्यात आयपीएक्स-४ (चहूबाजूंनी उडणारं पाणी सोसणारा दर्जा) च्या खाली जाऊ नका. दुकानात हात ओले करून बटण दाबून बघा, दुकानदार हसला तर हसू दे. बटणाला लॉक हवाच, नाहीतर सॅकमध्ये दाबला जाऊन दिवा आपोआप लागतो आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी खलास. लाल दिवाही हवा. गडावरच्या केदारेश्वराच्या लेण्याच्या बाजूच्या गुहांत माणसं झोपलेली असतात आणि त्यांच्या तोंडावर पांढरा झोत मारणाऱ्याला मी यापुढे उठून सुनावणार आहे.

चार्जिंगचा की सेलचा? दोन्हीवर चालणारा घ्या. पेट्झल कंपनीचा टिक्का हा दिवा त्यांच्या कोअर या चार्जिंगच्या बॅटरीवर चालतो आणि तीन ट्रिपल-ए (रिमोटमधल्या बारीक) सेलवरही. जादा सेल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको. अंधारात, पावसात सॅक उपसणं म्हणजे शिक्षा.

घरी तोच दिवा पंक्चर काढायला, गच्चीवरच्या टाकीत डोकावायला, लाईट गेल्यावर फोडणी टाकायला मस्त चालतो. तेवढ्यासाठीच हवा असेल तर स्वस्तातला घ्या, माझी हरकत नाही. फक्त महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर अल्कलाइन सेल काढून ठेवा. गळले तर स्प्रिंगवर हिरवट थर चढतो आणि गडाच्या पायथ्याशी ती खरवडत बसायची वेळ येते.