तुमचा गुडघा मी छापत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, तुमचा गुडघा मी छापत नाही.

हा प्रश्न दर गणपतीत येतो. रबाळ्याच्या एका गाळ्यात मी हॉस्पिटलांसाठी थ्रीडी प्रिंटरवर हाडांची मॉडेलं करते. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत कोणीतरी सांगून ठेवलंय की ‘ही रबाळ्याला हाडं छापते’. आरती झाली की कुणीतरी काका तळहातावर खिरापत घेऊन पुढ्यात उभे राहतात. "काय गं, एक गुडघा छापून दे की. हॉस्पिटलवाले लाखांत सांगतायत." मी हसते, तेही हसतात, विषय पावसावर जातो. यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र न हसता विचारलं, "किडनी कधी छापायला लागाल तुम्ही लोक?" काकू आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. झांजांच्या गोंगाटात त्याचं उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसले.

गुडघ्याचं आधी उरकते. बदलायचे गुडघे साइझमध्ये येतात, चपलेसारखे. वर-खाली धातू, मध्ये प्लॅस्टिकची गादी. डॉक्टर ऑपरेशनच्या वेळी दोन-तीन साइझ लावून बघतात आणि नीट बसेल तो घेतात. बहुतेकांचं त्यात भागतं, मग एकट्यासाठी वेगळा बनवायचा कशाला? थ्रीडी प्रिंटिंगची खरी गरज तयार साइझ संपतात तिथे लागते. अपघातात कवटीचा तुकडा गेला, कॅन्सरमुळे जबडा काढावा लागला, लहान मुलाला हाताची बोटंच नाहीत, अशा वेळी. नाहीतर मग जिथे प्रत्येकाचा आकार वेगळाच असतो तिथे. आजोबांच्या कानात आत बसणारं यंत्र असेल, तर त्याचं कवच बहुधा छापलेलंच आहे. पारदर्शक अलाइनर लावून दात सरळ करणाऱ्या भाचीचे साचेही छापलेले असतात. सगळ्यात जास्त छपाई या दोन ठिकाणी चालते आणि तिचं कौतुक मात्र कुणालाच नाही.

माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. ठोकळ्यातून नको ते काढून टाकायचं, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी आले की शर्टाच्या खिशातून लोखंडाचा कीस निघायचा आणि आई कपडे वेगळे भिजवायची. माझं काम उलट, काही नसतं तिथे थरावर थर चढवायचे. सगळ्यात साधं मशीन म्हणजे चकलीचा सोऱ्या समजा. त्यातून गरम प्लॅस्टिकची बारीक धार पडते, एक थर झाला की त्यावर दुसरा. दुसऱ्या प्रकारात पातळ रेझिनवर प्रकाश पाडून एकेक थर घट्ट करतात. चक हल यांनी अमेरिकेत 1983 मध्ये याच पद्धतीने पहिली वस्तू केली ती डोळे धुवायची एवढीशी वाटी. म्हणजे या तंत्राची भवानीच औषधपाण्याच्या सामानाने झाली म्हणा ना. तिसऱ्या प्रकारात टायटॅनियमची भुकटी लेझरने वितळवतात. ते मशीन आमच्या गाळ्याला परवडणारं नाही, ते काम आम्ही बाहेर देतो.

बाबा पहिल्यांदा गाळ्यावर आले तेव्हा मी मोठ्या अभिमानाने एक जबडा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, अंगठा जबड्यावरून एकदा खाली, एकदा वर फिरवला आणि म्हणाले, "फिनिश नाही." मी म्हटलं, बाबा, थर 0.2 मिलिमीटरचा आहे. त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे आठ थाऊ. बोटाला लागणारच." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पुढचा प्रश्न मात्र त्यांनी नेमका विचारला: "ड्रॉइंग कोण देतं?"

सगळी गोम तिथेच आहे. ड्रॉइंग कोणी देत नाही, ते काढावं लागतं. हॉस्पिटलकडून येते ती सीटी स्कॅनची सीडी, तिच्यात जबड्याचे दोन-तीनशे काळे-करडे काप. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो: पाण्याला शून्य, हवेला उणे 1000, हाडाला शेकड्यांपासून हजाराच्या वरपर्यंत. कॉम्प्युटरला सांगायचं की अमुक आकड्याच्या वरचं सगळं हाड धर. तो क्षणात धरतो आणि पडद्यावर कवटी उभी राहते. नवीन होते तेव्हा मला वाटलं, झालं काम.

माझं पहिलं डोळ्याच्या खोबणीचं मॉडेल मी असंच केलं. मोटारसायकलचा अपघात, खोबणीच्या तळाचं हाड फुटलेलं. माझ्या मॉडेलमध्ये तळाला एक मोठं भगदाड होतं आणि नाकाच्या बाजूच्या भिंतीला चाळणीसारखी भोकं. डॉक्टरांनी ते खिडकीशी धरलं, मग दुसऱ्या, न लागलेल्या डोळ्याची बाजू माझ्यापुढे केली. तिथेही तीच चाळण. "ही भोकं तुझी आहेत, पेशंटची नाहीत," म्हणाले. तिथलं हाड कागदासारखं असतं. एका ठिपक्यात थोडं हाड आणि थोडी हवा आली की मशीन दोन्हींची सरासरी काढतं, ती मी ठरवलेल्या आकड्याच्या खाली जाते आणि असलेलं हाड गायब होतं. त्या रात्री मी माउस धरून एकेका कापावर हाड परत भरत बसले, शेवटची ट्रान्स-हार्बर लोकल चुकली आणि ठाण्याला रिक्षाने आले. आजही माझा दिवस यातच जातो. छापायला मशीन आहे, ते रात्रभर आपलं आपलं चालतं. हाड कुठे संपतं हे ठरवायला माणूस लागतो आणि त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा, त्या हाडात हात घालणारा.

आमच्याकडे येणारे बरेचसे जबडे तंबाखूचे. कॅन्सरचा भाग काढला की जबड्यात खिंडार पडतं, ते भरायला पायातल्या दोन हाडांपैकी बाहेरचं बारीक हाड घेतात. ते सरळसोट, जबडा वळणाचा. म्हणून त्याचे तुकडे नेमक्या कोनात कापून जोडायचे असतात. आम्ही त्यासाठी गाइड करून देतो. हाडावर चपखल बसणारी पट्टी, तिच्यात खाचा. करवत त्या खाचेतूनच जाते. सोबत जबड्याचं मॉडेलही देतो. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर त्या मॉडेलवर टायटॅनियमची प्लेट वाकवून ठेवतात. एरवी ही वाकवावाकवी पेशंट भुलीत, जखम उघडी आणि सगळं ऑपरेशन थिएटर ताटकळत असताना व्हायची. आमच्या पन्नास-साठ ग्रॅम प्लॅस्टिकची किंमत तिथे वसूल होते, आणि ते प्लॅस्टिक पेशंटच्या अंगात जातसुद्धा नाही.

एकदा ते नको तिथे गेलं होतं. एका हॉस्पिटलात कोणीतरी आमचं बघायचं मॉडेल हत्यारांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये, टाकलं. ते पीएलए नावाच्या, मक्यापासून होणाऱ्या प्लॅस्टिकचं. साठेक अंशांनाच मऊ पडतं, आणि ऑटोक्लेव्ह 121 चा. बाहेर आला तो जबडा शिजलेल्या केळ्यासारखा. निर्जंतुक करायचे गाइड वेगळ्या रेझिनचे असतात, पण पाकिटावर तसं ठळक लिहायचं आम्हालाही सुचलं नव्हतं. आता लाल अक्षरात लिहितो. केळं माझ्या टेबलावर आहे.

अंगात घालायच्या गोष्टीही होतात. नेदरलँड्समध्ये 2011 साली 83 वर्षांच्या एका बाईंना टायटॅनियमच्या भुकटीपासून छापलेला अख्खा खालचा जबडा बसवला. माझं लाडकं उदाहरण मात्र मिशिगन विद्यापीठाचं, 2012 चं. एका तान्ह्या बाळाची श्वासनळीची फांदी सारखी मिटायची, श्वास बंद पडायचा. तिच्याभोवती छापलेली एक छोटी चिरलेली नळी शिवली, अशा प्लॅस्टिकची जे शरीरात तीनेक वर्षांत विरघळतं. तोवर बाळाची नळी स्वतःच्या जोरावर उभी राहते. काम झालं की निघून जाणारा पाहुणा.

आता किडनी, काका.

किडनी मी छापली आहे. पारदर्शक रेझिनची, आत धमनी लाल, शीर निळी, मध्ये पिवळी गाठ. गाठ काढून उरलेली किडनी कशी वाचवायची, हे डॉक्टरांना आधी हातात घेऊन बघता यावं म्हणून. ती रक्त गाळत नाही. गाळणारी करायची तर जिवंत पेशींचे थर लावावे लागतात आणि पेशीला रक्ताची केशवाहिनी 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या आत लागते, नाहीतर ती उपाशी मरते. एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या, प्रत्येकीला स्वतःचा रक्तपुरवठा. बाबांच्या आठ थाऊंच्या आत अख्खी नळयोजना बसवायची, असं धरा. तेल अवीव विद्यापीठाने 2019 मध्ये माणसाच्या पेशींपासून हृदय छापलं, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ते चेरीएवढं होतं. पेशी आकसत होत्या, पण मिळून रक्त ढकलत नव्हत्या. माझ्या नोकरीच्या उरलेल्या वर्षांत चालती किडनी छापून मिळेल असं मला वाटत नाही, आणि काकूंच्या बाबतीत मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. काकूंचं नाव झेडटीसीसीच्या, म्हणजे दान केलेले अवयव कुणाला द्यायचे ते बघणाऱ्या केंद्राच्या, यादीत आहे का, एवढं बघा. नोंदणी किडनी बदलणाऱ्या हॉस्पिटलातूनच होते. कागद तिकडेच अडकलेत असं त्या दिवशी तुम्ही म्हणालात, तर शनिवारी मी सोबत येते.

आणि बाकी सगळ्यांना एक. सीटीची फिल्म पिशवीत घालून माझ्याकडे आणू नका, तिच्यावरून काही छापता येत नाही. काउंटरवर सीडी मागा, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांची. मागितल्याशिवाय देतीलच असं नाही.