लाल फुलला म्हणजे पळसच असं नाही

फाल्गुन-चैत्रात निष्पर्ण रानात लांबून लाल झाड दिसलं की पटकन 'पळस' म्हटलं जातं. बरेचदा तो पांगारा निघतो, नाहीतर काटेसावर. रंगावरून ओळखायला गेलं की फसगत ठरलेली, कारण पिवळ्या फुलांचा पळसही असतो. झाडाखाली पडलेलं ताजं फूल उचलावं आणि आधी त्याचं बूड पाहावं.

पळसाच्या फुलाच्या बुडाशी काळपट, मखमली वाटी असते. पुंकेसर दहा, पण ते चोचीसारख्या वाकड्या पाकळीत दडलेले. पांगाऱ्यात एकच पाकळी मोठी, बाकीच्या अगदी लहान, त्यामुळे पुंकेसर बाहेर डोकावतात. बुडाची वाटी एका बाजूने उभी चिरलेली असते. ती चिरलेली नसून घंटेसारखी असेल आणि खोडाची साल बुचासारखी जाड, भेगाळलेली असेल, तर तो बूचपांगारा. काटेसावरीचा गोंधळ व्हायला नको खरं तर: पाच जाड पाकळ्या, तळहाताएवढं फूल आणि मधोमध पुंकेसरांचे झुबके.

काट्यांवर मात्र फार विसंबू नये. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे दाट असतात, जुन्या बुंध्यावर ते झिजून जातात. पांगाऱ्याचे छोटे काळे काटे बघायचे तर कोवळ्या फांद्यांवर. पळसाला काटे नसतातच.

पान मिळालं तर उत्तम. सावरीचं पान पंजासारखं, पाच ते सात पर्णिकांचं. पळस आणि पांगारा दोघांचीही पानं त्रिदल. पळसाचं चिवट, चामड्यासारखं, पांगाऱ्याचं पातळ. पण खाली पडलेलं पान शेजारच्या झाडाचंही असू शकतं. फांदीला चिकटून राहिलेलं एखादं वाळकं पान दिसतंय का ते बघून ताडून घ्यावं. शेंग लोंबत असेल तर शंकाच मिटते: पळसाची चपटी, टोकाशी एकच बी असलेली, पांगाऱ्याची बियांच्या मधेमधे आवळलेली.

पिवळ्यात गोंधळ कमी. खडकाळ उतारावर पानांविना मोठी, पाच पाकळ्यांची सुटी फुलं असतील तर सोनसावर. झुंबरासारखे लोंबते घोस असतील तर बहावा.

पांढऱ्यात काळा कुडा आणि पांढरा कुडा ही झाडांची जोडी चकवते. दोघांनाही चीक, दोघांची पानं समोरासमोर. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध पांढरी झालर असते आणि त्याच्या कोवळ्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या असतात. पांढऱ्या कुड्याला झालर नाही, शेंगा सुट्या. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

जाणकाराला झाड विचारायचं तर फोटो चार हवेत: पूर्ण झाड, छातीच्या उंचीवरची साल, बुडाच्या वाटीसह फूल बाजूने, आणि पान किंवा शेंग. भर उन्हात लाल पाकळ्यांचे बारकावे फोटोत पुसले जातात, नुसता लाल डाग उरतो. फूल आपल्याच सावलीत धरून टिपावं. फक्त फुलांनी डवरलेल्या शेंड्याचा फोटो पाठवून 'हे कुठलं झाड?' विचारलं, तर जाणकारही अंदाजच सांगणार.