नर्सिंगच्या वेटिंगला थांबताना

बारावीचा आणि सीईटीचा निकाल हातात आला की बीएस्सी नर्सिंगवाल्या मुलामुलींचा आणि त्यांच्या आईबापांचा एकच प्रश्न असतो: "नंबर लागेल का?" त्यावर आधी उलट विचारावं लागतं, की कुठल्या यादीत? वेटिंग नर्सिंगला नसतं, ठरावीक कॉलेजांना असतं. पुण्याच्या ससून रुग्णालयाशी जोडलेल्या सरकारी कॉलेजसाठी झुंबड उडते, आणि त्याच हंगामात राज्यातल्या कितीतरी खासगी कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात. त्यामुळे "मी वेटिंगला आहे" असं कुणी म्हणालं तर त्याला अर्थ तीन-चार तरी असतात.

राज्याच्या सीईटी सेलच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, खरं तर वेटिंग लिस्ट नसतेच. तिथे असतो स्टेट मेरिट नंबर आणि एकामागून एक फेऱ्या. पहिल्या फेरीत नाव आलं नाही म्हणजे दुसरीची वाट पाहायची, इतकंच. भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, सिम्बायोसिस ही अभिमत विद्यापीठं. त्यांची प्रक्रिया वेगळी, यादी वेगळी, फी वेगळी. खासगी कॉलेजची संस्था स्तरावरची यादी ही आणखी निराळी, ती कॅपच्या फेऱ्या संपल्यावर लागते. एएफएमसीचं, म्हणजे पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचं नर्सिंग कॉलेज (४० जागा, फक्त मुलींसाठी) तर नीटच्या गुणांवर चालतं, त्यामुळे नीटचा फॉर्म वेळेत भरला नसेल तर तो रस्ता त्या वर्षापुरता बंद. कुठल्या यादीत आपला कितवा नंबर आहे हे एका कागदावर मांडून ठेवा. तोंडी हिशेब ठेवणारे हमखास एखादी तारीख चुकवतात.

आता अंदाज कसा बांधायचा? सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या फेऱ्यांच्या निवड याद्या असतात. बहुतेक जण पहिल्या फेरीची यादी उघडतात आणि हबकतात. उघडायची ती शेवटच्या फेरीची. आपल्या प्रवर्गात, आपल्याला हव्या त्या कॉलेजात शेवटचा मेरिट नंबर किती होता ते शोधायचं. मार्कांची तुलना करू नका, पेपर दरवर्षी सारखाच अवघड नसतो. नंबराची तुलना जास्त भरवशाची, पण त्या वर्षी एकूण किती जण यादीत होते तेही पाहा. सीईटी २०२३ पासून सुरू झाली, त्याआधी प्रवेश नीटवर व्हायचे. म्हणून २०२२ आणि त्याआधीचे कटऑफ व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवले तर सरळ डिलीट करा.

यादी हलते ती मुख्यतः एका कारणाने. वरच्या नंबरातल्या अनेकांनी नीटही दिलेली असते. नर्सिंगची सीट ते हातात धरून ठेवतात, आणि बीएएमएस, बीएचएमएस किंवा फिजिओथेरपीच्या फेरीत नाव आलं की सोडतात. म्हणजे त्या अभ्यासक्रमांच्या फेऱ्या लागल्याशिवाय नर्सिंगची खरी हालचाल सुरू होत नाही. नर्सिंगच्या प्रवेशाची अखेरची तारीखही बऱ्याचदा पुढे ढकलली जाते, त्यामुळे वर्ग सुरू झाल्यावर सीट मिळाल्याची उदाहरणं कमी नाहीत. दुसऱ्या फेरीनंतर धीर सोडून पोर्टल बघायचंच बंद करणारे इथे फसतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते प्राधान्यक्रम भरताना. "पहिल्या नंबरला मिळेल तेच टाक" हा सल्ला फॉर्म भरून देणारा प्रत्येक सायबर कॅफेवाला देतो आणि तो चूक आहे. गेल्या काही वर्षांच्या नियमांचा रोख असा, की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे रुजू व्हायचं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. आता समजा एखाद्या मुलीचा नंबर मध्यम आहे. तिने भीतीपोटी घरापासून लांबचं, नक्की मिळणारं कॉलेज क्रमांक १ ला टाकलं आणि पुण्यातलं हवं असलेलं क्रमांक ४ ला. पहिल्याच फेरीत क्रमांक १ मिळालं आणि विषय संपला. तेच पुण्याचं १ ला आणि लांबचं ४ ला टाकलं असतं तर लांबचं तसंही हातात आलं असतं आणि पुण्याची आशाही जिवंत राहिली असती. क्रम आवडीचा लावायचा, शक्यतेचा नाही. शक्यतेचा विचार करायचा तो यादी किती लांब ठेवायची हे ठरवताना.

सीट मिळून रुजू झाल्यावर "स्टेटस रिटेन्शन" नावाचा फॉर्म पुढे येतो. तो भरला म्हणजे "मला हेच कॉलेज चालेल, पुढच्या फेरीत माझा विचार करू नका". कॉलेजचा क्लार्क इतर कागदांच्या गठ्ठ्यात तोही सहीला ठेवतो आणि मुलं न वाचता सही करतात. वर सरकायचं असेल तर तो भरू नका. आणि दुसरी बाजूही लक्षात असू द्या: पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की आधीची सीट आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. म्हणून मनापासून नको असलेलं कॉलेज वर टाकायचंच नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका हाच शेवटचा शब्द. ती कंटाळवाणी आहे, तरी फेऱ्यांचं प्रकरण दोनदा वाचा.

संस्था स्तरावरच्या फेरीत सीट लवकर मिळते हे खरं, पण पैशाचं गणित आधी करा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, ती कॅपमधून आलेल्यांना. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश त्यातून वगळले आहेत. म्हणजे एक फेरी थांबण्याचा कंटाळा चार वर्षांच्या फीएवढा महाग पडू शकतो. कॉलेज सांगतंय ती फी मंजूर आहे का, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळता येतं. "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. पैसे फक्त कॉलेजच्या खात्यात, पावती घेऊन.

कागदपत्रांमुळे जाणाऱ्या सीट कटऑफमुळे जाणाऱ्यांपेक्षा जास्त चुटपुट लावतात. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र ३१ मार्चला संपतं. चालू शैक्षणिक वर्षाच्या मार्चपर्यंत वैध असलेलंच लागतं. मागच्या वर्षीचं जोडलं की उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो आणि मेरिट नंबर तोच असूनही सीट हुकते. नीटसाठी काढलेलं केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र राज्याच्या प्रवेशाला चालत नाही, हा दुसरा नेहमीचा घोळ. जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच ज्युनिअर कॉलेजमार्फत करायचा असतो; निकालानंतर धावाधाव केली तर समितीपुढची रांग आपल्यासाठी थांबत नाही. वय-अधिवासाचा दाखला "आपले सरकार" वर किंवा सेतूतून आधीच काढून ठेवा. बारावीनंतर गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, डॉक्टरकडचं फिटनेस सर्टिफिकेट, सगळ्याचे स्पष्ट स्कॅन आणि झेरॉक्सचे चार संच तयार हवेत. सीट लागल्यावर रुजू व्हायला जेमतेम काही दिवस मिळतात, आणि त्यात रविवार येतोच.

यंदा काहीच लागलं नाही तर वर्ष थांबायचं का? इथे साधी बेरीज करा. एक वर्ष थांबून चार वर्षांचं बीएस्सी, म्हणजे पाच वर्षं. आत्ता तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा) आणि मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, तीही पाचच. फरक असा, की दुसऱ्या वाटेवर तिसऱ्या वर्षाअखेर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होऊन नोकरी करता येते. जीएनएमला कला-वाणिज्य शाखाही चालते, इंग्रजी विषय आणि ४० टक्के हवेत. घरात कमावणारं माणूस एकच असेल तर आमचं मत जीएनएमच्या बाजूने. सरकारी कॉलेजचा कटऑफ थोडक्यात हुकला असेल आणि मुलगी खरोखर अभ्यासाला बसणार असेल, तरच ड्रॉप. बीएस्सीसाठी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे वय कमी पडून अडकलेल्यांना मात्र थांबण्यावाचून इलाज नाही.

वर्ष वाचवण्याच्या घाईत एक खड्डा टाळा. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा "नर्सिंग कोर्स" अशा पाट्या शहरभर दिसतात. तो पेशंट केअर असिस्टंटचा कोर्स असतो. काम मिळतं, वाईटही नाही, पण त्यावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही आणि ती वर्षं बीएस्सीत धरलीही जात नाहीत. बीएस्सीचं कॉलेज असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नता, जीएनएम असेल तर शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची, आणि दोन्हींना नर्सिंग कौन्सिलची मान्यता त्या वर्षाची आहे का ते पाहा. शिवाय विचारा की स्वतःचं रुग्णालय कुठे आहे, किती खाटांचं. उत्तरात "टायअप आहे" एवढंच आलं तर प्रत्यक्ष जाऊन वॉर्ड बघा.

वेटिंगच्या महिन्यांत करण्यासारखं एक काम कुणीच सांगत नाही: हिपॅटायटिस बीची लस. वॉर्डमध्ये सुईची टोचणी कधी लागेल सांगता येत नाही आणि कॉलेजं लसीचा पुरावा मागतात. लहानपणी झाली असेल तर ते कार्ड शोधा. नसेल तर तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. जूनमध्ये सुरू केलं तर डिसेंबरात संपतं. प्रवेश मिळाल्यावर सुरू केलं तर पहिली क्लिनिकल पोस्टिंग अर्धवट संरक्षणातच काढावी लागते. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लस लागू पडली का हे सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, १० किंवा त्याहून जास्त आलं की झालं. रिपोर्ट प्रवेशाच्याच फाइलमध्ये ठेवा, कॉलेज बदललं तरी तोच चालतो.