तुम्ही विचारलेत म्हणून: देवाला जगाची गरज काय पडली होती?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो शाळेच्या शिक्षक-खोलीत, माझ्या एका वारकरी सहकाऱ्यांनी, आणि त्यानंतर तो इतक्या जणांकडून इतक्या वेळा आला आहे की एकदा नीट बसून लिहिलेलेच बरे. मी नेवासे तालुक्यातला ख्रिस्ती. ज्या गावच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच्या पंचक्रोशीत वाढलेल्या माणसाला धर्माविषयी विचारणारे कमी पडत नाहीत, आणि ते मोघमही विचारत नाहीत. सरांचे म्हणणे असे होते: तुमचा देव पूर्ण आहे, सर्वसमर्थ आहे, त्याला कशाची उणीव नाही असे तुम्ही म्हणता, मग त्याने जग निर्माण केले ते कशासाठी? काही हवे होते म्हणून केले असेल तर तो पूर्ण नव्हता, आणि काहीच नको असताना केले असेल तर तो पोरखेळ झाला.

प्रश्न चोख आहे. ब्रह्मसूत्रांतही हीच शंका घेतलेली आहे आणि ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’, म्हणजे जगात दिसते तशी ही केवळ लीला, असे तिचे उत्तर दिलेले आहे, हे मला सरांनीच सांगितले. ‘सहा दिवसांत जग कसे काय झाले’ हा आणखी एक प्रश्न याच्या शेपटीला नेहमी बांधलेला असतो. त्याबद्दल इतकेच सांगतो की बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले दिवस घड्याळाने मोजावेत असे मला वाटत नाही, आमच्यातल्या काहींना वाटते, आणि ‘कशासाठी’ या प्रश्नाला त्याने काही फरक पडत नाही.

माझ्यापुरता हा प्रश्न शिक्षक-खोलीपेक्षा जुना आहे, आणि तो एका भोपळ्यावरून सुरू झाला. आमच्या गावच्या चर्चमध्ये सुगीनंतरचा एक रविवार उपकारस्तुतीचा असे. त्या दिवशी मंडळीतले लोक शेतातले पहिले पीक घेऊन येत: बाजरीची कणसे, पायलीभर ज्वारी, वांगी, अंडी, पाय बांधलेला एखादा कोंबडा. वेदीपुढे त्याचा ढीग लागे आणि उपासना संपली की बाहेर लिंबाखाली त्याचा लिलाव होऊन आलेले पैसे मंडळीच्या खात्यात जमा होत. एका वर्षी आईने परसातल्या वेलाचा भोपळा दिला, आणि तो मीच दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेऊन ठेवला. लिलावात वडिलांनी नेमकी त्याच भोपळ्यावर बोली लावली, शेजारच्या काकांनी ती मुद्दाम चढवत नेली, आणि बाजारात आठ आण्यांना मिळणारा तो भोपळा वडिलांनी सात रुपयांना विकत घेऊन घरी आणला. वाटेने मी सारखा विचारत होतो की भोपळा आपलाच होता तर पैसे कशाचे दिले, आणि मुळात देवाला भोपळा लागतो कशाला. आई म्हणाली, “त्याला काय करायचाय भोपळा? त्याच्याच वेलाचा आहे तो.” पुढे केव्हातरी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले पन्नासावे स्तोत्र वाचताना देव म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातले सर्वकाही माझेच आहे, त्या ओळीशी मी थांबलो. आईने ते स्तोत्र वाचले होते की तिचे तिलाच सुचले होते, हे विचारायचे राहून गेले.

तेव्हा पहिली गोष्ट ही की देवाला जगाची गरज नव्हती. आज हे साधे वाटते, पण ज्या प्रदेशात आमचे पवित्र शास्त्र लिहिले गेले तिथे ते साधे नव्हते. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, ‘एनुमा एलिश’ या सृष्टिकथेत देवांच्या अंगावरचे कष्ट उतरावेत म्हणून माणूस घडवला जातो. मारलेल्या किंगू या देवाच्या रक्तापासून त्याला बनवतात आणि देवांची चाकरी त्याच्या गळ्यात घालतात. म्हणजे माणूस हा देवांचा सालगडी. उत्पत्तीचा पहिला अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या काळात, म्हणजे यहुदी लोकांना बाबेलला धरून नेले होते तेव्हा, आजच्या रूपात आला, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर परक्या मुलखात परक्यांच्या सत्तेखाली राहणाऱ्या लोकांनी आपल्या देवाची ही गोष्ट सांगितली आहे, आणि तिच्यात देव माणसाला आपल्या प्रतिरूपाचा करतो, आशीर्वाद देतो, खायला देतो, आणि सातव्या दिवशी विसावा घेतो. त्या सात दिवसांत देव माणसाकडून स्वतःसाठी काहीही मागत नाही.

मग तो एकटा होता म्हणून का? ही सरांची दुसरी शंका, आणि तिच्यापाठी बृहदारण्यकातले ‘एकाकी न रमते’ उभे होते: एकट्याला करमेना, म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. आमचे उत्तर इथे वेगळी वाट धरते. प्रीतीला दुसरा लागतो, हे खरेच आहे. देव निव्वळ एकटा असता तर प्रीती करण्यासाठी त्याला जग निर्माण करावेच लागले असते, आणि जग ही त्याची गरज ठरली असती. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे जे त्रैक्य आम्ही मानतो, आणि ज्यावरून ‘तुमचे देव तीन की एक, ते आधी ठरवा’ असा चिमटा आम्हाला जन्मभर घेतला जातो, त्याचा खरा अर्थ मला या प्रश्नापाशी उमगला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात, धरून दिला जाण्याच्या रात्री प्रार्थना करताना, येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. म्हणजे डोंगर, समुद्र, माणूस यांतले काही नव्हते तेव्हाही देवाच्या ठायी प्रीती होती, आणि तिला घेणारा होता, देणारा होता. घर आधीच भरलेले होते. जगाला जे बोलावणे गेले ते घर खायला उठते म्हणून गेले नाही.

‘पोरखेळ’ या आक्षेपाचेही उत्तर यातच आहे. सरांच्या प्रश्नात ‘प्रयोजन’ हा एकच शब्द दोन कामे करत होता: करणाऱ्याला काय मिळवायचे आहे, आणि करणाऱ्याला काय द्यायचे आहे. पहिल्या अर्थाने सृष्टीला प्रयोजन नाही, दुसऱ्या अर्थाने आहे. इ. स. १८०च्या सुमारास ल्योंचे बिशप आयरेनियस यांनी हे सरळ लिहून ठेवले की देवाने आदामाला घडवले ते माणसाची गरज होती म्हणून नव्हे, तर आपली कृपादाने ज्याच्यावर करता येतील असा कोणी असावा म्हणून. पुढे तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्विनास यांनी त्यात भर घातली ती मला फार आवडते: देवाचा चांगुलपणा एकाच कोणत्या वस्तूत मावणारा नाही, म्हणून त्याने नाना प्रकारच्या वस्तू केल्या, एकीत जे उणे राहील ते दुसरीने दाखवावे. बाभळीच्या शेंगा आणि हरभऱ्याचे घाटे यांत इतका फरक कशाला, याचे याहून चांगले कारण मला कोणी सांगितलेले नाही.

लीलेशी आणि ज्ञानदेवांच्या चिद्विलासाशी हे किती जवळचे आहे ते मला कळते, आणि सर खूश झाले ते त्यामुळेच. गरजेपोटी नाही, आनंदापोटी, इथवर आम्ही दोघे एकाच रस्त्याने जातो. पुढे फाटा फुटतो. चिद्विलासात जग हे त्या चैतन्याचेच स्फुरण आहे, तर आमच्या श्रद्धेत जग खरोखरच दुसरे आहे. देवाने त्याला स्वतःहून वेगळे असण्याची मुभा दिली आहे, इतकी की ते त्याला नाही म्हणू शकते. मराठीत ही गोष्ट पहिल्यांदा सविस्तर सांगणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्याच ओवीत देवाला ‘विश्वभरिता’ही म्हटले आहे आणि स्वर्गपृथ्वीचा रचणाराही. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेल्या त्या ग्रंथाने विश्व भरून राहणे आणि विश्वाहून वेगळे असणे या दोन्ही गोष्टी एका श्वासात म्हणाव्यात, हे मला अपघाती वाटत नाही.

आता सर्वांत अवघड शब्दाकडे येतो. रविवारच्या शाळेत आम्हाला प्रश्नोत्तरे पाठ असत. वेस्टमिन्स्टरच्या १६४७च्या लघु प्रश्नोत्तरावलीतला पहिलाच प्रश्न माणसाचा मुख्य उद्देश काय असा आहे, आणि देवाचे गौरव करणे व त्याच्या ठायी सर्वकाळ आनंद मानणे असे त्याचे उत्तर आहे. यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायातही देव म्हणतो की मी त्यांना माझ्या गौरवासाठी उत्पन्न केले. हे ऐकले की लोक भुवया उंचावतात. म्हणजे देवाला स्तुती हवी आहे का? सत्काराला हपापलेल्या पुढाऱ्यासारखा? मलाही हा शब्द बरीच वर्षे टोचत असे, कारण आपल्याकडे गौरव म्हटले की शाल, श्रीफळ आणि लांबलेली भाषणेच डोळ्यांपुढे येतात. पण हिब्रू भाषेत तिथे ‘कावोद’ हा शब्द आहे, आणि त्याच्या धातूचा अर्थ जड असणे असा आहे. आमच्या भाषांतरकारांनी त्याला ‘गौरव’ हा शब्द योजला, आणि गौरव आला ‘गुरू’वरून, म्हणजे पुन्हा जड, भारी यावरूनच. एखाद्याच्या शब्दाला वजन आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते वजन आपण दिलेले नसते; ते असते, आणि आपल्याला ते जाणवते एवढेच. देवाच्या गौरवासाठी जग झाले याचा अर्थ त्याचे जे वजन आहे ते जगात जाणवावे, दिसावे, वाटून घेतले जावे. ‘जिवंत माणूस हे देवाचे गौरव’ असे आयरेनियस यांचे वचन आहे. हारतुऱ्यांचा तिथे संबंध नाही.

मात्र जिवंत माणूस म्हटले म्हणून सगळे माणसासाठीच आहे असा जो समज आमच्याही लोकांनी करून घेतला, तो शास्त्राला धरून नाही. लिन व्हाइट या इतिहासकारांनी १९६७ साली ‘सायन्स’मधल्या लेखात निसर्गाच्या नासाडीचा मोठा दोष पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराला दिला, आणि तो सगळाच खोटा म्हणता येत नाही. तरी उत्पत्तीत मासे आणि पाखरे यांना ‘चांगले’ म्हटले गेले तेव्हा माणूस अजून झालेलाच नव्हता. ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायात देव जिथे कोणी मनुष्य नाही अशा रानावर पाऊस पाडतो. एकशे चौथ्या स्तोत्रात लिव्याथान हा अजस्र जलचर समुद्रात केवळ खेळण्यासाठी निर्माण केलेला आहे. सरांची लीला मला इथे भेटते. माणसाला एदेन बागेत ठेवले ते मशागत आणि राखण करायला. राखण म्हणजे काय ते आमच्याकडच्या पोराला शिकवावे लागत नसे. ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन माळ्यावर बसायचे, पाखरे हाकायची, आणि खाली डोलणारे शेत आपले नाही हे लक्षात ठेवायचे.

हे सगळे ऐकून घेतल्यावर सर एकदा हळूच म्हणाले, “चांगुलपणातून झालेले जग, मग असे का?” त्यावर आमच्याकडे पतनाची शिकवण आहे, म्हणजे माणसाने देवाची आज्ञा मोडली आणि जग बिघडले, आणि रोमकरांस पत्रातले पौलाचे म्हणणे आहे की सबंध सृष्टी अजून कण्हत आहे, प्रसूतिवेदना भोगत आहे, म्हणजे जगाचे प्रयोजन मागे होऊन गेलेले नाही, ते पुढे आहे. मी हे मानतो. पण सरांना मी त्या दिवशी एवढेच सांगितले की बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो.

त्या वर्षी सुगी झालीच नाही. आई-वडील दोघेही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. उपकारस्तुतीचा रविवार घ्यावा की नाही यावर मंडळीत वाद झाला, आणि पाळकांनी घ्यायचा ठरवला. वेदीपुढची जागा जवळजवळ मोकळी होती. गावातली एक म्हातारी, जिला आम्ही सगळी मुले आजी म्हणत असू, पितळी वाटीत मिलो घेऊन आली. रेशनवर मिळणारी ती तांबडी परदेशी ज्वारी, जिची भाकरी धड थापता येत नसे. लिंबाखाली लिलाव झाला तेव्हा कोणीतरी त्या वाटीला चार आणे म्हटले, वडील आठ आणे म्हणाले, आणि पुढे कोणी बोलले नाही. वडिलांनी पैसे मोजले आणि वाटी होती तशी आजीच्या हातात परत दिली. तिने धान्य पदरात ओतून गाठ मारली, वाटी आतून फुंकर मारून साफ केली, आणि सगळे घरी जायला निघाले तरी ती तिथेच बसून गीत म्हणत राहिली.