जुन्या मशीनवर कोणता ब्राउझर टाकावा

सांगली-मिरजेतल्या झेरॉक्सच्या दुकानांत, तासगाव-विट्याकडच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्यांकडे विंडोज ७ ची मशीन अजून राबताना दिसतात. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. साइट उघडली नाही की आधी इंटरनेटवाल्याला फोन जातो. त्या बिचाऱ्याचा दोष बहुतेक वेळा नसतोच. विंडोज आणि ब्राउझरची जोडीच जमलेली नसते.

विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबून 'विनव्हर' (winver) टाका, आवृत्ती कळेल. ७, ८ किंवा ८.१ असेल तर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. २०२३ च्या सुरुवातीला तो तिथे थांबला, मायक्रोसॉफ्टचा एजही तिथेच. नवीन साइट अशा क्रोममध्ये अर्धवट दिसतात, 'सबमिट' दाबलं तरी ढिम्म. इथे फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) त्यातल्या त्यात बरी, कारण क्रोम थांबल्यावरही तिला सुरक्षेचे अपडेट मिळत राहिले. बँकेचे व्यवहार मात्र अशा मशीनवर नकोच.

प्रत्येक साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येत असेल तर ब्राउझर बदलण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. रात्री मेन स्विच बंद होतो, मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो आणि सकाळी घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं. मग साइटची ओळख पटवणारं आजचं प्रमाणपत्र ब्राउझरला चुकीचं वाटतं. सीआर २०३२ नंबरचा सेल बदला, तारीख लावा. फॉरमॅट मारायची गरज नाही.

व्हिडिओ अडकतो त्याचं कारण वेगळं. यूट्यूब बहुतेकदा व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने दाबून लहान केलेला व्हिडिओ पाठवतं. इंटेलच्या सातव्या पिढीपासून व्हीपी९ आणि अकराव्यापासून एव्ही१ ग्राफिक्सचा भाग स्वतः उलगडतो. त्याआधीच्या मशीनमध्ये तो बोजा प्रोसेसरवर पडतो आणि पंखा किंचाळायला लागतो. फायरफॉक्सच्या हेल्पमध्ये 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलं की मीडियाच्या तक्त्यात हार्डवेअरची साथ कशाला आहे ते दिसतं. नसेल तर फक्त एच.२६४ या जुन्या पद्धतीचा व्हिडिओ मागवणारं एक्स्टेंशन टाका. यूट्यूबवर मग १०८० च्या वरचा दर्जा मिळणार नाही, पण अशा स्क्रीनवर तो हवाय कोणाला?

४ जीबीत क्रोम आणि एज यांच्यात फार डावं-उजवं नाही. शिफ्ट-एस्केप दाबून क्रोममध्ये कोणता टॅब रॅम खातोय ते पाहा आणि परफॉर्मन्समधलं मेमरी सेव्हर चालू ठेवा. खरा फरक साध्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाकल्याने पडतो.

एखादं जुनं पोर्टल इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल तर विंडोज १० किंवा ११ वर एजच्या 'डिफॉल्ट ब्राउझर' सेटिंगमध्ये आयई मोड चालू करून त्या पानाचा पत्ता यादीत घाला. ती नोंद ३० दिवसांनी संपते, पुन्हा घालावी लागते.

लिनक्स टाकणार असाल तर उबंटू या लिनक्समध्ये २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्स स्नॅप नावाच्या बंदिस्त पॅकेजमधून येतो. साध्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो, आणि डिजिटल सहीचं यूएसबी टोकन त्यात अडतं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातलं (रिपॉझिटरी) साधं डेब पॅकेज घ्या. त्या भांडाराला प्राधान्य लावायला विसरलात तर उबंटू पुन्हा स्नॅपच बसवतो. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट टाका आणि ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो नव्याने उघडा.