बिग बोर्ड अपडेट: ‘गरज’ कॉलम फोडला, आता घाई वेगळी आणि खड्डा वेगळा

आधी आनंदाची बातमी. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टसाठी (ज्यात टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) खेळाडूंची उतरंड, म्हणजे बिग बोर्ड, लावणारी नवी शीट 2003, 2018 आणि 2020 या तिन्ही ड्राफ्टमधून न अडखळता गेली. ‘गरज’ नावाचा एकच कॉलम बरीच आवर्तनं छळत होता, तो आता मोडीत निघालाय. त्याच्या जागी दोन कॉलम आलेत आणि तिसरा खाली लिहिता लिहिताच सुचलाय, म्हणून त्याचं सूत्र अजून कच्चं आहे.

ज्यांनी जुनी शीट उतरवून घेतली आहे त्यांना सूत्र माहीत आहेच: अंदाजित मजल (खेळाडू पुढे किती मोठा होईल) गुणिले गरज. गरज 0.6 ते 1.0, आणि त्या जागी टीमकडे माणूस असेल तर आकडा खाली. दिसायला सुटसुटीत, पण या गुणाकारातच सगळं विष आहे. 1984 चं पोर्टलंड घालून बघा. शूटिंग गार्डच्या जागी जिम पॅक्सन आणि आदल्याच वर्षी 14व्या पिकवर (निवडीच्या क्रमांकावर) घेतलेला क्लाइड ड्रेक्सलर, म्हणजे गार्डची गरज 0.6. सेंटर (रिंगजवळचा उंच खेळाडू) हवा, म्हणून तिथे 1.0. आता गार्डची मजल 10 आणि सेंटरची 7 धरली तर गुणाकारानंतर 6 विरुद्ध 7. शीट बिनदिक्कत सेंटर सॅम बोवी घेते आणि गार्ड जॉर्डन तिसऱ्या पिकवर शिकागोला जातो. मोठे पगार घेऊनही माणसांनी केलं तेच शीट फुकटात करणार असेल तर ती हवी कशाला?

(1984 फक्त तर्क तपासायला वापरतोय, डेटात घेतलेलं नाही. कॉलेजमध्ये सगळीकडे तीन गुणांची रेषा 1986–87 पासून आली, त्याआधीचे शूटिंगचे आकडे आपल्या कॉलममध्ये बसतच नाहीत.)

गरजेचा पल्ला 0.85 ते 1.0 इतका आवळला की पोर्टलंड सुटतं, 8.5 विरुद्ध 7 होतात. पण मूळ दोष तसाच राहतो. 10 मजलेच्या खेळाडूचे 1.5 गुण कापले जातात आणि 2 मजलेच्या खेळाडूचे फक्त 0.3. म्हणजे खेळाडू जितका मोठा, तितका गरजेचा चावा मोठा. व्हायला हवं नेमकं उलटं. वरच्या पिकांवर गरजेला जवळजवळ आवाजच नसावा आणि 20व्या पिकनंतर तिने निर्णय फिरवावा.

म्हणून गुणाकार काढून बेरीज-वजाबाकी ठेवली आणि तिच्यावर झाकण घातलं. झाकण किती उंच? इथे बराच काळ चाचपडणं चाललं. शेवटी ते मॉडेलच्या स्वतःच्या चुकीला बांधलं. एक ड्राफ्टवर्ष बाजूला ठेवून उरलेल्या वर्षांवर मॉडेल बसवायचं, बाजूला ठेवलेल्या वर्षाचा अंदाज काढायचा, प्रत्यक्षाशी फरक घ्यायचा. सगळ्या वर्षांच्या फरकांचं प्रमाण विचलन हीच आपली चूक. दोन खेळाडूंतलं अंतर या चुकीपेक्षा कमी असेल तरच गरजेला मत. समजा चूक 3 आहे आणि बोर्डवर 31, 24, 23, 22.5 असे आकडे आहेत. 31 वाला एकटा उभा आहे, त्याच्याबाबत चर्चा बंद. पुढचे तिघे एका पायरीवर आहेत, तिथे टीमची रचना खुशाल बघा. बोर्डच्या तळाकडे आकडे इतके चिकटलेले असतात की एका पायरीवर दहा-बारा नावं येतात आणि गरज आपोआप बोलकी होते. वेगळं वजन लावायची गरज उरत नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण एकाच पायरीवरच्या खेळाडूंत निवड करताना शीट पुन्हा वेड्यासारखी वागायला लागली, आणि तिथेच खरी गोम सापडली. ‘गरज’ हा कॉलम दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकत्र कोंबत होता: टीमला *कुठे* माणूस हवा, आणि *कधी* हवा.

2003 चं डेट्रॉइट बघा. बिलप्स, हॅमिल्टन आणि 2002 मध्ये 23व्या पिकवर आलेला टेशॉन प्रिन्स, म्हणजे बाहेरच्या तिन्ही जागा भरलेल्या. मोकळी जागा उंच खेळाडूची. हा खड्डा डार्को मिलिचिचच्या बाजूने बोलतो. पण ही टीम पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, विजेती ठरली. अशा टीमला माणूस आज खेळणारा हवा, आणि मिलिचिच ड्राफ्टच्या रात्री जेमतेम 18 पूर्ण झालेला. घाई त्याच्या विरोधात बोलते. जुना कॉलम दोघांची सरासरी काढून गप्प बसायचा. 2006 च्या फेब्रुवारीत मिलिचिच ऑर्लँडोला गेला. ड्राफ्टमध्ये त्याच्या मागोमाग कार्मेलो, बॉश, वेड हे 3, 4, 5 वर गेले होते.

2020 चं गोल्डन स्टेट हे त्याचंच जुळं भावंड. दुसरा पिक, सेंटरचा खड्डा, करी 32 वर्षांचा. जेम्स वाइजमन खड्ड्यात अगदी मापात बसतो, पण कॉलेजचे सामने फक्त तीन. शिकायला वेळ लागणारा सेंटर आणि वेळ नसलेली टीम. 2023 च्या फेब्रुवारीत तो डेट्रॉइटला गेला.

तर नवी मांडणी अशी.

घाई म्हणजे वार्षिक सूट. सात हंगामांचा अंदाज घ्यायचा. पहिले चार (रुकी करार, म्हणजे नवख्याचा पहिला करार: पहिल्या फेरीत दोन वर्षं हमीची, तिसरं-चौथं टीमच्या मर्जीवर) पूर्ण वजनाने आणि 5 ते 7 हे 0.6 वजनाने, कारण तेव्हा खेळाडू टिकेलच असं नाही आणि टिकला तरी बाजारभावाने. यावर दर वर्षाची सूट (प्रत्येक पुढच्या वर्षाला गुणायचा आकडा): पुनर्बांधणी करणाऱ्या टीमला 0.92, जेतेपदाच्या शर्यतीतल्या टीमला 0.80. पाचव्या वर्षाच्या एका गुणाची आजची किंमत पहिल्या टीमला 0.72 आणि दुसरीला 0.41 येते, 0.6 चं वजन लावायच्या आधी. एकच खेळाडू दोन बोर्डांवर वेगळ्या जागी का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2023 च्या सामूहिक करारानंतर घाईला पगाराचीही बाजू आली. दुसऱ्या एप्रनच्या (पगारखर्चाच्या वरच्या रेषेच्या) वर असलेल्या टीमला ट्रेडमध्ये पगार एकत्र जोडता येत नाहीत, मिड-लेव्हल (पगारमर्यादेबाहेर जाऊन खेळाडू घ्यायची सवलत) वापरता येत नाही. तिला स्वस्त आणि तयार माणूस मिळायची एक वाट ड्राफ्टच्या शेपटातून जाते. डेन्व्हरने 2022 मध्ये 21व्या पिकवर तीन वर्षं कॉलेज खेळलेला ख्रिश्चन ब्राउन घेतला आणि तो 2023 च्या जेत्या टीमच्या रोटेशनमध्ये होता. ‘वय जास्त, मजल कमी’ म्हणून अशा खेळाडूला सरसकट खाली ढकलणारे बोर्ड मला पटत नाहीत. लिलार्ड चार वर्षं कॉलेज करून आला, ब्रॉग्डन पाच वर्षं करून 36व्या पिकवर, आणि दोघेही रुकी ऑफ द इयर, म्हणजे त्या वर्षीचे सर्वोत्तम नवखे.

खड्डा म्हणजे मिनिटं. एका सामन्यात टीमकडे 240 मिनिटं (48 गुणिले पाच खेळाडू) असतात. पॉइंट गार्ड, शूटिंग गार्ड ही पाच खोकी काढून टाकली आणि तीन ठेवली: चेंडू हाताळणारे 80, विंग (कडेने खेळणारे) 90, रिंगजवळचे 70. पुढच्या चार हंगामांसाठी प्रत्येक खोक्यात किती मिनिटं आधीच बांधलेली आहेत ते मोजायचं. चालू करार पूर्ण धरा, खेळाडूच्या मर्जीचं वर्ष अर्धं, रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट (करार संपला तरी दुसऱ्याचा प्रस्ताव जुळवून टीम ज्याला ठेवू शकते) होणारा 0.7. हे गुणांक अंदाजाने बसवलेत, पटले नाहीत तर पिवळ्या सेलमध्ये बदला. उरलेली मिनिटं हा खड्डा. मुख्य म्हणजे तो आजचा नाही, खेळाडू खेळायला लागेल त्या वर्षाचा. 2009 मध्ये मिनेसोटाने 5 वर रिकी रुबिओ आणि 6 वर जॉनी फ्लिन असे लागोपाठ दोन पॉइंट गार्ड घेतले. रुबिओ स्पेनमधून आला थेट 2011–12 ला. खड्डा वर्षावार मांडला की ही जोडी तितकी हास्यास्पद दिसत नाही. सातव्या पिकवर करी गेला म्हणून ती कायमची हास्यास्पद झाली, हा वेगळा मुद्दा.

आता मधलाच एक फाटा. करीचं नाव लिहिलं आणि तिसऱ्या कॉलमचा किडा डोक्यात शिरला. गोल्डन स्टेटकडे 2009 मध्ये मॉन्टा एलिस होता, म्हणजे हाताळणाऱ्यांचं खोकं भरलेलं आणि खड्डा शून्य. तरी करी घेतला. मार्च 2012 मध्ये एलिस मिलवॉकीला गेला आणि बदल्यात अँड्र्यू बोगट आला. म्हणजे गार्डची गर्दी करून सेंटरचा खड्डा भरला. गर्दीला पुनर्विक्रीची किंमत असते, आणि ती आपण शून्य धरत होतो.

पहिला विचार होता की ही किंमत रुकीच्या ओळीत टाकावी, उरलेल्या रुकी करारानुसार. सॅक्रामेंटोने गार्ड फॉक्स हाताशी असताना 2020 मध्ये 12व्या पिकवर हॅलिबर्टन घेतला आणि 2022 च्या फेब्रुवारीत त्याला मुख्य मोहरा करून सबोनिस आणला. करारातली अडीच वर्षं शिल्लक होती. उलट डेन्व्हरने 2014 मध्ये नुर्किच (16) आणि योकिच (41) असे दोन सेंटर घेतले आणि 2017 च्या फेब्रुवारीत नुर्किच विकताना मेसन प्लमलीसाठी वर पहिल्या फेरीचा एक पिकही द्यावा लागला. तिसरं वर्ष चालू, दीड वर्ष शिल्लक, आणि दोघं एकत्र खेळत नाहीत हे अख्ख्या लीगला ठाऊक. 2.5 भागिले 4 आणि 1.5 भागिले 4, गुणोत्तर छान बसत होतं.

पण एलिस हा गुणोत्तरात येतच नाही. तो रुकी नव्हता, विकला गेला तो जुना माणूस. म्हणून योजना बदलतोय: पुनर्विक्रीची किंमत खेळाडूच्या ओळीला न जोडता खोक्याला जोडायची. खोक्यात ठरलेल्या आकड्याच्या वर मिनिटं गेली की त्यातला सर्वांत महाग विकता येणारा कोण ते शीटने शोधायचं, मग तो नवा असो वा जुना. याने 2018 चं सॅक्रामेंटोही नीट वाचता येतं. 2017 च्या पाचव्या पिकवरचा फॉक्स हाताशी, म्हणून डॉन्चिच नको असं धरलं तर दुसऱ्या पिकवर बॅग्ली येतो. पण डॉन्चिच तेव्हा 19 व्या वर्षी युरोलीगचा (युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, होता. आपल्या बोर्डवर तो वेगळ्याच पायरीवर येतो, खड्ड्याला मतच नाही, आणि असलं तरी फॉक्स विकता आला असता.

अपवाद नोंदवून ठेवतो: गर्दी नेहमी गर्दीच नसते. क्लीव्हलंडकडे जॅरेट ॲलन असताना 2021 मध्ये तिसऱ्या पिकवर इव्हान मोब्ली आला आणि दोघं एकत्र खेळले. म्हणून रिंगजवळचं खोकं 70 चं, 48 चं नाही.

डेटाची किरकोळ खटपट, जी कुणीतरी विचारणारच:

नावावरून जोडणी करू नका. 2022 मध्ये ओक्लाहोमा सिटीने 12 वर जेलन विल्यम्स आणि 34 वर जेलिन विल्यम्स घेतला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन अक्षरांचा फरक, टीम तीच, वर्ष तेच. ‘जवळचं नाव शोध’ वाली जोडणी दोघांना एक करते आणि दोघांची सरासरी म्हणजे कुणीच नाही. बास्केटबॉल रेफरन्सचा खेळाडू-आयडी वापरा. त्यांचे तक्ते थेट सीएसव्हीत निघतात, फुकटच्या साधनांत याला तोड नाही.

वयाच्या सूत्रात जून कायमचा ठोकू नका. 2020 चा ड्राफ्ट 18 नोव्हेंबरला झाला, 2021 चा 29 जुलैला. 19 वर्षांच्या पोराच्या बाबतीत पाच महिने म्हणजे अर्धी पायरी.

तीनच्या टक्केवारीला आधी पाणी घाला: (यशस्वी + 66) भागिले (प्रयत्न + 200). 100 पैकी 40 मारणारा 40 टक्क्यांवरून 35.3 वर येतो आणि तिथेच त्याला ठेवा. फ्री थ्रो चांगले असतील तर थोडं वर. कॉलेजची रेषा 2019–20 पासून 6.75 मीटरवर गेली, त्याआधीच्या हंगामांना वेगळा झेंडा लावलाय. एनबीएची वरची रेषा 7.24 वर आहे हे विसरू नका.

आकडे सामन्यामागे नकोत, 40 मिनिटांमागे हवेत. युरोपातल्या पोरांना मिनिटं कमी मिळतात, सामन्यामागच्या सरासरीत ते विनाकारण खाली जातात. पण 300 मिनिटांच्या आत कुणाचाही दर काढू नका. वाइजमनचे तीन सामने 40 मिनिटांवर ताणले तर बोर्डचा मुकुट त्याच्याच डोक्यावर जातो. अशांसाठी फक्त वय, उभी पोच आणि विंगस्पॅन (पसरलेल्या हातांची लांबी).

पुढचा तुकडा 2025 चं सॅन अँटोनिओ. त्याच फेब्रुवारीत ट्रेडने आलेला फॉक्स, आदल्या वर्षी चौथ्या पिकवरचा कॅसल, आणि तरी दुसऱ्या पिकवर डिलन हार्पर. हाताळणाऱ्यांच्या खोक्यात 80 च्या वर किती जातात ते कॅसलला विंगमध्ये किती मिनिटं द्यायची यावर ठरतं. सध्या त्याची मिनिटं अर्धी-अर्धी वाटली आहेत. एकाच खेळाडूला दोन खोक्यांत वाटायचं ठरलं की 240 ची बेरीज फुटते. ती जुळवणारं सूत्र ज्याच्याकडे असेल त्याने शीटच्या ‘वाटणी’ टॅबमध्ये टाका. तोवर खोक्यांच्या पुनर्विक्रीचा कॉलम करडा ठेवलाय, त्यातले आकडे बोर्डच्या बेरजेत धरू नका.