शक्तीची बाटली नव्हे, मावशी

आमच्या लातूरकडं सलाईनवर जेवढा भरवसा तेवढा गोळीवर नाही. औशाजवळच्या एका वाडीत मी रोज एका आजींना अँटिबायोटिक द्यायला जातो, तर शेजारच्या मावशी दारात उभ्याच: "ब्रदर, मलाबी एक शक्तीची बाटली लावा की ओ. अंगात त्राणच नाही बघा."

आजींना शुगर. पायात बाभळीचा काटा मोडला, जखम चिघळत हाडापर्यंत गेली. हाडाचा तुकडा कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आणि कोणतं औषध लागू पडतं ते तपासायला, पाठवला, तर एकही गोळी लागू पडेना. म्हणून शिरेतून अर्टापेनेम हे अँटिबायोटिक. त्याच जातीचं मेरोपेनेम साधारण आठ-आठ तासांनी लागतं, वाडीत ते कोण देणार? अर्टापेनेम दिवसातून एकदाच. पहिला डोस मात्र दवाखान्यातच झाला. रिअ‍ॅक्शन आली तर तिथं धावपळ करता येते.

दंडात पिक लाइन आहे, म्हणजे शिरेतून आत सरकवलेली लांब बारीक नळी, तिचं टोक पार हृदयाजवळ. त्यामुळं आधी हात धुवायचे. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं लोकांच्या घरी हात धुवायला पाणी मागताना जीव कसानुसा होतो, पण मागतो. सूनबाई तांब्यानं बेतानं धार धरतात. मग लाइनचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पंधरा सेकंद चोळायचं आणि वाळू द्यायचं. हे वाळू देणंच घाईत राहून जातं. फ्लशला, म्हणजे नळी सलाईननं धुवायला, सिरिंज 10 मिलीचीच. लहान सिरिंजचा दाब जास्त, लाइन फुटू शकते.

औषध ग्लुकोजमध्ये चालत नाही, नॉर्मल सलाईनच हवं. कुपीवर छापलंय, 25 अंशांच्या आत ठेवा. एप्रिलात, मराठवाड्यात! कुपी थंड पेटीतून नेतो, तिथंच कालवतो, लगेच लावतो. अर्धा तास चालतं. लाइट गेली की सूनबाई पदरानं वारा घालतात. आठवड्याला रक्त तपासायचं, त्यात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, बघायचंच.

मावशींना म्हटलं, गोळी चालली असती तर आजींनाही गोळीच दिली असती. 2019 साली ब्रिटनमधला हजारावर रुग्णांचा अभ्यास छापून आला. हाडा-सांध्यांच्या संसर्गात योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतल्या औषधाच्या तोडीस तोड ठरल्या. मावशींना पटलं नाही. "गोळीनं काय होतंय ओ!"

आता आजी म्हणतात, "नळी राहू दे लेकरा, पुढं लागली तर?" कोर्स संपला की ती काढायचीच, आजी. तिच्यातून जंतू सरळ रक्तात शिरतात.